‘अ‍ॅलेलोपॅथी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : गाजरगवताच्या अर्कात पिकाचं बी नीट उगवत नाही, यावर लिहितोय. अ‍ॅलेलोपॅथीसाठी, म्हणजे एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनांच्या दुसरीवर होणाऱ्या परिणामासाठी, ‘तणविष’ चालेल का? आणि हा शब्द अ‍ॅलोपॅथीचा कुणी लागतो का?

– लागतो की, अगदी जवळचा! ग्रीकमध्ये ‘आलोस’ म्हणजे दुसरा. तोच दोनदा जोडून ‘आलेलोन’, एकमेकांचं. आपण ‘अन्य’चं ‘अन्योन्य’ केलं तसंच. ‘पाथोस’ म्हणजे सोसणं. हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७मध्ये शब्द जुळवला. ‘तणविष’ मात्र नको. वाचणाऱ्याला ते तण मारायचं औषध वाटेल. शिवाय हे फक्त तणंच करतात असं नाही. अक्रोडाचं जुग्लोन, ज्वारीच्या मुळांतलं सॉर्गोलिओन ही रसायनं याच जातीची.

– आणि दर वेळी मारकच असतं असंही नाही. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी टारफुल्याचं, म्हणजे दुसऱ्याच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं, बी उलट जागं होतं आणि मग ज्वारीच्याच मुळांना चिकटतं. त्याला काय विष म्हणणार?

– ‘तण खाई धन’ यात बसत नाही का हे?

– नाही. तिथे तण पाणी, अन्नद्रव्यं, ऊन ओरबाडतं. इथे ते मातीत काहीतरी सोडतं. गाजरगवतात पार्थेनिन नावाचं रसायन असतं, फेरुलिक आम्लासारखी फिनॉलिक आम्लं असतात; पानं कुजताना, पावसाने धुतली जाताना ती मातीत उतरतात.

माझी खरी तक्रार ‘उगवत नाही’वर आहे. बी आधी रुजतं, मग उगवतं. ओल्या टिपकागदावर मुळ्याचं बी गाजरगवताच्या अर्कात ठेवून पाहिलं होतं. बरंचसं रुजलं! साल फुटली, पांढरं टोक बाहेर आलं, आणि तांदळाच्या कणीएवढं होऊन तिथेच तपकिरी पडलं. शेजारी नुसत्या पाण्यातल्या मुळांना बारीक लव फुटली होती. प्रयोगांत मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की बहुधा ‘अंकुरलं’ म्हणून मोजतात. म्हणजे आकड्यात हे बी पास. मातीत असतं तर वर आलंच नसतं. ‘अंकुरण’ कुठे आणि ‘उगवण’ कुठे, हे लेखात सांभाळा.

– मग ‘परस्पररसायन’?

– ‘परस्पर’ला मराठीत दुसराही अर्थ आहे, न विचारता. शेजाऱ्याचं बी परस्पर बसवून टाकलं! तणाला शोभतो, पण शीर्षकात घोळ होईल. मी ‘अन्योन्यप्रभाव’ घेईन, पहिल्यांदा येईल तिथे ‘रासायनिक’ जोडून.

– ठरलं. ‘उगवत नाही’सुद्धा खोडतो.