खांद्याला अल्ट्रासाऊंड देतात त्याचा खरंच उपयोग होतो का?

तासगावकर:
आईचा उजवा खांदा धरलाय, हात वर जात नाही, केस विंचरायचं पण होईना. शुगर आहे. हाडाच्या डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितलं आणि मिरजेत फिजिओकडं पाठवलं, तिथं जेल लावून मशीन फिरवतात पाच-सात मिनिटं, काहीच जाणवत नाही म्हणते. वडील म्हणतात ही तर पोटाची सोनोग्राफी, ह्यानं दुखणं कसं जाणार, उगं पैसे घालवताय. आणि ह्या किरणांनी अपाय तर नाही ना?

फिजिओ मिरज:
किरण नाहीत ओ, आवाजच आहे, फक्त कानाला ऐकू येत नाही एवढंच. एक्स-रेसारखं काय नाही त्यात. आमचं मशीन १ नाहीतर ३ मेगाहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला दहा लाख नाहीतर तीस लाख लाटा) चालतं, १ वालं खोल जातं, ३ वालं वरच्यावर. जेल नसलं तर मधल्या हवेमुळं लाटा कातडीवरनंच परत फिरतात. मशीनचं डोकं सारखं फिरतं ठेवायचं, एका जागी थांबलं तर हाडाजवळ चटका बसू शकतो. शुगरमुळं हात बधिर असेल तर चटका कळणार पण नाही, म्हणून तिथं ते आधी सांगून ठेवा. पेसमेकर असला किंवा त्या जागी कॅन्सर असला तर द्यायचंच नाही.
पण खरं सांगू का, घरात मशीन असून बोलतोय, फ्रोजन शोल्डरला नुसत्या अल्ट्रासाऊंडनं बरं वाटतं ह्याला भक्कम पुरावा नाही. काम व्यायाम करतो.

विटेकर:
वडलांना मोतीबिंदूचं सांगा की. फेको म्हणजे त्याचं ऑपरेशन ह्याच लाटांवर चालतं, सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते आणि मोतीबिंदू फोडून ओढून घेते. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमननं १९६७ ला सुरू केलं, दाताच्या डॉक्टरकडचं दात साफ करायचं मशीन बघून सुचलं म्हणे त्याला.

इस्लामपूरची ताई:
गर्भाशयाच्या गाठी पण जाळतात ह्यानं, हायफू म्हणतात. भिंगानं ऊन गोळा करावं तशा लाटा एका ठिकाणी आणतात, पोटाला चीर नाही. सगळ्यांना चालत नाही पण, गाठ कुठं आणि केवढी ते बघून ठरवतात. फिजिओचं मशीन त्यामानानं लईच मऊ.

तासगावकर:
भारी माहिती. आई व्यायाम करतच नाही, दुखतंय म्हणून.

फिजिओ मिरज:
मग तिथंच अडलंय. गरम शेक द्या, मग भिंतीवर बोटं चढवायला लावा, पुढं वाकून हात सैल सोडून झुलवायचा. थोडं थोडं, पण दिवसातनं दोन-तीनदा. आणि शुगर बघा आधी.