विषय: कंटेनरमधल्या सामानाला बुरशी

नमस्कार मंडळी,

बर्मिंगहॅम सोडताना पाठवलेलं सामान काल फोंड्याला घरी पोचलं. एप्रिलात निघालं, गोदामात अडकलं नि ऐन जुलैत हातात आलं. खोकी उघडली तर सोफ्याच्या पाठीला हिरवट बुरा, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरे ठिपके, तबल्याच्या पुडीवर तर चक्क लव. सासूबाई म्हणतात, डेटॉलने पूस, डांबराच्या गोळ्या ठेव नि उन्हात टाक. ऊन आणू कुठून? पॅकिंगवाले म्हणतात, "मॅडम, गोव्याची हवाच तशी." यातून कुणी गेलंय का?

— फोंड्याहून

*

ताई,

पुसायची घाई करू नका. आधी फोटो काढा: खोक्यांचे बाहेरून, आतून, सामानाचे जवळून. विमा असेल तर कंपनीला आजच मेल टाका आणि त्यांचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काहीही फेकू नका. वरून न दिसणारं नुकसान जहाज कंपनीला माल ताब्यात आल्यापासून ३ दिवसांत लेखी कळवायचं असतं, तेव्हा फोनवर वाद घालत बसू नका, लिहून मोकळ्या व्हा.

"हवाच तशी" हे ते उगाच म्हणत नाहीत. नुसत्या दमटपणाने आलेली बुरशी पुष्कळ पॉलिसींत धरतच नाहीत. कंटेनरला भोक पडून पाणी शिरलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून खोक्यांवरचे डाग नीट बघा. फक्त वरच्या थरावर थेंबाथेंबाचे डाग असतील तर तो बहुधा कंटेनरचा घाम. दिवसा पत्रा तापला की आतलं लाकूड नि पुठ्ठा ओल सोडतात, रात्री पत्रा गार पडला की तीच ओल छताला धरते नि खाली टपकते. एकाच कोपऱ्यातली खोकी खालपासून भिजलेली असतील तर पाणी बाहेरून आलं असण्याची शक्यता जास्त.

आता सफाई. आपलं भांडण बुरशीशी कमी, ओलीशी जास्त. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आली की बुरशीची वाढ थांबते. जुलैत गोव्यात खिडकी उघडून ते व्हायचं नाही, उलट ओल आत येते. एक खोली बंद करा, एसी ड्राय मोडवर ठेवा, जमलं तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) आणा. पंखा नको, बुरा घरभर उडतो. एन-९५ मास्क लावा. पुस्तकं उभी ठेवून पानं मोकळी करा, पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने झाडा. सागवानी लाकूड ७० टक्के अल्कोहोलने पुसता येतं, पण पॉलिशवर आधी कोपऱ्यात करून बघा. ब्लीच लाकडावर नको. तबल्याच्या शाईला पाणी अजिबात लावू नका, सुटते. सरळ पुडी बदलून घ्या. गाद्या आणि फुगलेलं एमडीएफ (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्या) यांचा मोह सोडा, पण सर्व्हेअर बघून गेल्यावरच. आणि डांबराच्या गोळ्यांनी कसर जाते, बुरशी नाही, हे सासूबाईंना तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार.

— मडगावहून

*

वरच्या मेलला पुरवणी. व्हिनेगरचा सल्ला कुणीतरी देईलच. काचेवर ठीक आहे, पण संगमरवरी देव्हाऱ्यावर किंवा फरशीवर सांडू नका, चकाकी जाते. रेशमी साड्या घरी धुऊ नका, झाडून ड्रायक्लीनला द्या, नि बुरशी आहे हे दुकानदाराला आधी सांगा.

पुढच्या वर्षी परतणाऱ्यांनो, सामान डिसेंबर ते मार्च या दरम्यान उतरेल असं बघा. कंटेनरमध्ये टांगायच्या, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या मागून घ्या. सिलिका जेलच्या चिमुकल्या पुड्या एवढ्या मोठ्या पेटाऱ्याला पुरत नाहीत. पुठ्ठा नि लाकडी क्रेट कोरडेच वापरा म्हणावं.

ताई, आमचा डीह्युमिडिफायर म्हापशाला पडून आहे. रविवारी फोंड्याला येतोय, गाडीत टाकू का?

— म्हापशाहून

*

टाकाच दादा. सर्व्हेअर सोमवारी येतोय, तोवर गाद्या व्हरांड्यात झाकून ठेवते. जेवायलाच या.

— फोंड्याहून