‘रक्त पातळ करायची गोळी’ : याला नीट मराठी शब्द काय?

वहिनीच्या हृदयात धातूची झडप आहे, मायट्रल नावाच्या झडपेच्या जागी बसवलेली, रात्री शेजारी झोपलं तर टिकटिक ऐकू येते. आता पाचवा महिना चालूय. तिसरा संपेपर्यंत पोटात रोज दोनदा इंजेक्शनं होती, मग परत गोळी सुरू केली. त्यात हिमोग्लोबिन 9 आलं तर आईने गोळ्यांचं पाकीट उचलून कपाटात ठेवलं, म्हणे पोरीचं रक्त आधीच पातळ झालंय त्यात अजून पातळ कशाला करायचं, खजूर खा. दोन दिवस गोळी चुकली, आयएनआर (गोळीचा असर मोजायची रक्ततपासणी) 3 च्या आसपास हवा तो 1.6 वर, परत इंजेक्शनं. आईला काय बोलणार, शब्दाचा अर्थ तर तिने बरोबरच लावला ना?

— मी नर्स आहे, हे नेहमी बघते. त्या गोळीने रक्त पातळ होतच नाही हो, फक्त साकळायला वेळ लागतो. मुका मार लागला की रक्त साकळतं हे प्रत्येक आजीला माहितीय, तोच शब्द वापरा. गरोदरपणात रक्त मुळातच लवकर साकळतं, झडपेवर साकळलं तर ती अडकते, गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. हिमोग्लोबिनला ‘रक्त कमी’ म्हणा, तो विषयच वेगळा.

— विश्वकोशात ‘रक्तक्लथन’ आहे पण घरात कोण म्हणणार. ‘गोठणं’ म्हटलं की बर्फ आठवतो, तूप थिजतं, रक्ताला साकळणंच बरोबर.

— काम एकच तर मग गोळी-इंजेक्शन अदलाबदल का करतात? डॉक्टर म्हणाले नाळेतून जाते.

— नाळ नाही, वार. नाळ म्हणजे दोरी, बाळंतपणानंतर पडते ती वार. वॉरफेरिन, म्हणजे ही गोळी, वारेतून बाळाला पोचतं, 6 ते 12 आठवड्यांत नाकाच्या, हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो. हेपारिन, म्हणजे ते इंजेक्शन, वार ओलांडत नाही, पण धातूच्या झडपेला गोळीइतकं भरवशाचं नाही, म्हणून मधले महिने बहुतेक गोळीच देतात. 36 व्या आठवड्याच्या सुमारास परत इंजेक्शन, कारण गोळीमुळे बाळाचंही रक्त साकळत नाही आणि जन्मताना डोक्यावर दाब येऊन आत रक्तस्राव होऊ शकतो. हे सगळं डॉक्टरच ठरवणार, घरी एकही डोस बदलायचा नाही.

— आईला सांगितलं, पटलं. पण काल संध्याकाळी वहिनीला विचारते, ‘साकळायची गोळी घेतलीस का?’ बोलताना ‘न’ गळाला की अर्थ पार उलटा, म्हणून डबीवर मोठ्या अक्षरात ‘झडपेची गोळी’ लिहून टाकलंय.