इंटरनेटची परवानगी नसलेल्या अ‍ॅपचा डेटा नव्या फोनवर पोचला कसा?

बिनखात्याचा
मासिक पाळीच्या नोंदींचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे. खातं नाही, सर्व्हर नाही, मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या जाहीर करायच्या फाइलमध्ये) इंटरनेटची परवानगीसुद्धा नाही. रूम (डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) आणि एसक्यूएलसायफर ४ (डेटाबेस एनक्रिप्ट करणारी लायब्ररी) वापरलंय. डेटाबेसची ३२ बाइटची रँडम की कीस्टोअरमधल्या (फोनच्या सुरक्षित तिजोरीतल्या) कीने एनक्रिप्ट करून शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंग्जच्या साध्या फाइलमध्ये) ठेवतो. फोन बदललेल्यांकडे अ‍ॅप उघडताच बंद पडतं. लॉगमध्ये 'फाइल इज नॉट अ डेटाबेस', कोड २६. मुळात ती फाइल तिकडे गेलीच कशी?

कंपायलरकाका
ऑटो बॅकअप. अँड्रॉइड ६ पासून तो आपोआप चालू असतो आणि प्रत्येक अ‍ॅपमागे २५ एमबीपर्यंतचा डेटा वापरणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हवर जातो. हे काम सिस्टिम करते, त्यामुळे तुमच्या अ‍ॅपला इंटरनेटची परवानगी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंधच नाही.

डेटाबेस गेला, प्रेफरन्सेस गेल्या, पण कीस्टोअरमधली की फोन सोडत नाही. म्हणून नव्या फोनवर डेटाबेसची जुनी, एनक्रिप्ट केलेली की उलगडत नाही. तुमच्या कोडमध्ये बहुधा 'उलगडली नाही तर नवी बनव' असं आहे. मग नव्या कीने जुनी फाइल उघडायला गेलं की कोड २६ येणारच. ती पळवाट आधी काढा, कारण जुनी की तिथे पुसली जाते.

आहे त्याच फोनवर हे तपासता येतं: एडीबीमधून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) 'बीएमजीआर बॅकअपनाऊ' ही बॅकअपची आज्ञा चालवा, अ‍ॅप काढा, पुन्हा टाका. अ‍ॅप काढताना कीसुद्धा जाते.

बिनखात्याचा
म्हणजे मॅनिफेस्टमधलं अलाउबॅकअप फॉल्स केलं की झालं?

शून्य_परवानगी
नाही. अँड्रॉइड १२ आणि पुढे टार्गेट (ज्या अँड्रॉइड एपीआयसाठी बनवलंय तो आकडा) ३१ किंवा वर असेल तर त्याने क्लाउड बॅकअप थांबतो, पण काही कंपन्यांच्या फोनवर फोन-ते-फोन कॉपी चालूच राहते. डेटा एक्स्ट्रॅक्शन रूल्सची (काय कॉपी व्हावं याच्या नियमांची) एक्सएमएल फाइल द्या आणि त्यात क्लाउड-बॅकअप व डिव्हाइस-ट्रान्सफर हे दोन्ही विभाग लिहा. एखादा विभाग गाळलात तर त्या मार्गाने सगळंच जातं. वगळताना फाइलचं नाव देऊ नका, डेटाबेस, शेअर्डप्रेफ, फाइल असे पूर्ण डोमेन (डेटाचे विभाग) वगळा, नाहीतर सोबतची एखादी फाइल निसटू शकते. एनक्रिप्ट केलेली की नो-बॅकअप फोल्डरमध्ये (जो बॅकअपमध्ये जातच नाही) हलवली तर उत्तम.

आणि या कीवर बोटाच्या ठशाची अट घालू नका. नवा ठसा नोंदवला किंवा स्क्रीन लॉक काढलं की अशी की कायमची बाद होते, आणि तिच्यासोबत वर्षानुवर्षांच्या नोंदी. अ‍ॅपचं कुलूप वेगळं ठेवा.

कंपायलरकाका
बॅकअप बंद केलात तर नोंदी निर्यात करायची सोय द्यावीच लागेल, नाहीतर फोन हरवला की सगळं गेलं. वेगळं क्रिप्टो लिहायची गरज नाही. वापरणाऱ्याने दिलेल्या पासफ्रेजने दुसरा डेटाबेस अटॅच करा (जोडा), मग त्यात सगळं उतरवणारं एसक्यूएलसायफर-एक्स्पोर्ट चालवा. पासफ्रेजवर पीबीकेडीएफ२ च्या (पासफ्रेजपासून की बनवायच्या पद्धतीच्या) २,५६,००० फेऱ्या एसक्यूएलसायफरची आवृत्ती ४ स्वतःच करते. जागा सिस्टिमच्या फाइल पिकरमधून निवडू द्या, म्हणजे स्टोरेजची परवानगीही लागत नाही.

एक खड्डा: या एक्स्पोर्टमध्ये युझर-व्हर्जन (डेटाबेसच्या रचनेचा आवृत्ती-क्रमांक) उतरत नाही, ते शून्यच राहतं. परत आयात केल्यावर रूमला तो नवाकोरा डेटाबेस वाटतो. डिटॅच करण्याआधी तो आकडा हाताने लिहा.