मदत हवी आहे: न्यूजरूममध्ये शिकवून तयार केलेली माणसं टिकत नाहीत

सागरकाठ
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. रेडिओ आणि वेबसाइट मिळून आमची नऊ जणांची टीम होती. वर्षभरात चार गेले. चौघांनाही मुळापासून शिकवलं होतं: ऑडिओ एडिटिंग, बातमी पडताळणं, फोनवर व्हिडिओ कापणं. सगळ्यात अवघड झालंय ते फ्रेंच बुलेटिनवाल्या मुलीच्या जाण्याने, तिच्या जागी माणूसच मिळत नाहीये. पगार वाढवायला पैसे नाहीत. अनुदान प्रकल्पापुरतं येतं आणि त्यात पगाराचा वाटा आधीच ठरलेला असतो.
बोर्डाची बैठक तोंडावर आली आहे. मला ट्रेनिंग बाँडचा मसुदा हवा आहे: दोन वर्षं काम करायचं, मधेच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च परत द्यायचा. कोणाकडे असेल तर कृपया आजच द्या.

वडाची_पारंबी
देश कुठला? आणि 'गेले' म्हणजे कुठे गेले, दुसऱ्या चॅनेलला? हे कळल्याशिवाय बाँडबद्दल काय सांगणार?

निळा_पेन
मालदीव असणार. मालेत घरभाडं हाच मूळ प्रश्न आहे. कर्मचाऱ्यांना राहायची सोय करा, निम्मे तरी थांबतील. माझा भाऊ तिथे हॉटेलात होता, त्यांच्याकडे क्वार्टर्स होत्या म्हणून माणसं टिकली.

सागरकाठ
मालदीव नाही हो, वानुआतू, पॅसिफिकमधला बेटांचा देश. राजधानी पोर्ट व्हिलात आहे मी, म्हणजे नुसतं 'व्हिला'. इथे फ्रेंच ही एक अधिकृत भाषा आहे, म्हणून 'फ्रेंच बुलेटिन' म्हटल्यावर लक्षात येईल असं वाटलं होतं. चौघांपैकी दोघं ऑस्ट्रेलियाच्या पाम योजनेत (पॅसिफिकच्या लोकांना तिकडे ठरावीक मुदतीचं काम देणारी योजना) गेले, एक मीट फॅक्टरीत आणि एक फळबागेत. एक मंत्रालयाच्या जनसंपर्क विभागात. आणि फ्रेंचवाली संयुक्त राष्ट्रांच्या एका एजन्सीत. दुसऱ्या चॅनेलला कोणीच गेलेलं नाही.
मसुदा आहे का कोणाकडे?

अण्णा_देवरुखकर
ताई, बाँड घ्याच. मी तालुक्याच्या पेपरात आयुष्य काढलं. पोरगं बातमी लिहायला शिकलं की पुण्या-मुंबईच्या डेस्कवर पळतं. आमच्या मालकांनी लेखी घ्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे दोन-दोन वर्षं माणसं थांबायला लागली. मूळ कागदपत्रं मात्र ठेवून घेऊ नका, ते कायद्यात अडकू शकतं. पगारातून थोडी रक्कम अनामत म्हणून कापा आणि मुदत संपली की व्याजासकट परत द्या.

सुवाकर
अण्णा, आदर ठेवून सांगतो, पॅसिफिकमध्ये हे चालणार नाही. मी बरीच वर्षं फिजीत आहे, इथल्या राजधानीतल्या, सुव्याच्या माध्यमांशी रोजचा संबंध आहे. ऑस्ट्रेलियात फळं तोडून माणूस जे कमावतो ते व्हिलात पत्रकार म्हणून मिळणाऱ्या पगाराच्या कितीतरी पट असतं. तो बाँडची रक्कम पहिल्या दोन पगारांत फेडेल आणि जाईल. उलट जो घाबरून जायचा थांबला तो मनाने गेलेलाच असेल, आणि तशा माणसाच्या हातून बातमी येत नाही.
सागरकाठ, पामवाले दोघं कुठल्या प्रकारात गेलेत? अल्पमुदतीचा व्हिसा फार तर नऊ महिन्यांचा असतो, दीर्घमुदतीचा एक ते चार वर्षांचा. न्यूझीलंडच्या आरएसई या हंगामी मजुरांच्या योजनेत तर बहुतेकांना अकरा महिन्यांत सातच महिने राहता येतं. तुमचा फळबागवाला परत येणारच आहे. तो परत आल्यावर कुठे जाणार, हे कोणी विचारलंय का त्याला?

सागरकाठ
फळबागवाला अल्पमुदतीचा, मीट फॅक्टरीवाला तीन वर्षांचा. नाही, विचारलेलं नाही. इथे राजीनामा दिला की संबंध संपतो, सगळेच तसं धरून चालतात.

शॉर्टवेव्ह_शौकीन
मूळ चूक रेडिओकडे दुर्लक्ष ही आहे. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेने ३१ जानेवारी २०१७ला पॅसिफिकचं शॉर्टवेव्ह, म्हणजे फार दूरवर पोचणारं रेडिओ प्रसारण, बंद केलं, तेव्हा दूरच्या बेटांवरच्या लोकांनी किती तक्रारी केल्या! टोंगात १५ जानेवारी २०२२ला ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची केबल तुटली, मुख्य बेटावरचं इंटरनेट सुरळीत व्हायला पाच आठवडे गेले. अशा वेळी वेबसाइट घेऊन काय करणार? तुमचा ट्रान्समीटर किती किलोवॅटचा आहे? अँटेनाचा फोटो टाकाल का?

वडाची_पारंबी
शौकीनसाहेब, माहिती चांगली आहे, पण ट्रान्समीटर चालवायला माणूस लागतो आणि प्रश्न माणसाचाच आहे. धागा भरकटतोय.

शॉर्टवेव्ह_शौकीन
भरकटत नाहीये. ज्या कामाची गावाला गरज आहे हे डोळ्यांनी दिसतं, त्या कामात माणूस टिकतो. चक्रीवादळात लोक कोणाचा आवाज ऐकतात, हे त्या मुलांना कोणी दाखवलंय का?

सागरकाठ
दाखवायची गरज नाही, त्यांनी ते स्वतः केलंय. २०२३च्या मार्चमध्ये ज्युडी आणि केव्हिन ही दोन चक्रीवादळं काही दिवसांच्या अंतराने आली. १७ डिसेंबर २०२४ला ७.३चा भूकंप झाला, तेव्हा व्हिलाचं मध्यवर्ती शहरच मोडलं. आमची मुलं स्वतःच्या घरांना तडे गेलेले असताना माइकसमोर बसली होती. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. घर पुन्हा बांधायला पैसे लागतात म्हणूनच दोघं ऑस्ट्रेलियाला गेले.

अण्णा_देवरुखकर
हे आधी सांगायला हवं होतं. घर पडलेल्या माणसाकडून अनामत कापायची गोष्ट मी बोललो नसतो. मात्र मंत्रालयात गेलेल्यासाठी बाँड हवाच, यावर मी ठाम आहे. सरकारने आपली तयार माणसं फुकट का उचलावी?

मोका_मॉरिशस
आमच्याकडे मॉरिशसच्या एमबीसी या सरकारी रेडिओ-टीव्हीवर मराठी कार्यक्रम होतात. पण मॉरिशसची लोकसंख्या बारा लाखांच्या वर आणि वानुआतूची तीन लाख, तीही ऐंशीएक बेटांवर आणि शंभराहून अधिक भाषांत विभागलेली, म्हणून तुलना जपून करा. माझं निरीक्षण एवढंच की लहान देशात पत्रकार, सरकारी अधिकारी आणि एनजीओवाला एकाच शाळेत शिकलेले असतात. मंत्रालयात गेलेला माणूस तुमच्यासाठी मेलेला नाही. प्रेस नोट वेळेवर आणि नीट लिहिलेली येईल. त्याच्याशी भांडू नका.

पासपोर्ट_प्रश्न
वानुआतू पैसे भरून नागरिकत्व देतं ना? भारतीयांना घेता येतं का? आणि तिथे शाकाहारी जेवण मिळतं का?

वडाची_पारंबी
वेगळा धागा काढा, प्लीज.

न्यूजडेस्क
अजून कोणी विचारलेलं नाही म्हणून विचारतो. सागरकाठ, तुमचा स्वतःचा वर्क परमिट कधी संपतो? २०१९मध्ये व्हिलातल्या डेली पोस्ट या वृत्तपत्राचे मीडिया डायरेक्टर डॅन मॅकगॅरी यांच्या परमिटचं नूतनीकरण नाकारलं गेलं, आणि त्यानंतर ब्रिस्बेनहून परत येताना त्यांना विमानातही बसू दिलं नाही. ते वर्षानुवर्षं तिथे राहत होते. तुमच्याही हातात काही नाही. मग सगळं शिकवणं तुमच्यापाशी का अडकलंय? नऊपैकी कोणी स्थानिक उपसंपादक आहे, ज्याला तुमच्याइतकेच अधिकार आहेत?

सागरकाठ
प्रकल्प संपतो तेव्हाच माझा परमिट संपतो. उपसंपादक आहे, पण बजेट आणि ट्रेनिंग मीच बघते. अनुदान देणाऱ्यांची अटच तशी आहे.

सुवाकर
मग बोर्डासमोर ही अट न्या, बाँड नको. प्रशिक्षण ही पायरी मानली की माणूस ती चढून वर जातो, आणि तुमच्या इमारतीत वरचा मजलाच नाही. रिपोर्टर होऊन पाच वर्षं झाली तरी पद तेच आणि पगार तोच. फिजीत आम्ही दुसरं कारणही पाहिलं. २०१०च्या मीडिया कायद्यात संपादकाला दंड आणि तुरुंगवास, दोन्हीची तरतूद होती. तो २०२३मध्ये रद्द झाला, पण मधल्या तेरा वर्षांत अनुभवी माणसं निघून गेली आणि न्यूजरूम कोवळ्या मुलांवर चालल्या. अनुभव एकदा तुटला की वर्कशॉप घेऊन भरून येत नाही.
वर्कशॉपवरून आठवलं. तुमची मुलं वर्षातून किती वेळा सुव्याला, ब्रिस्बेनला जातात? दोन माणसं कार्यशाळेला गेली की नऊ जणांची न्यूजरूम सातची होते, हे अनुदानवाल्यांच्या हिशेबात नसतं. प्रशिक्षकालाच व्हिलात महिनाभर बसवा.

भावना_पी
मी एका एनजीओचं मनुष्यबळ सांभाळते, पत्रकारितेतलं कळत नाही. तीन गोष्टी विचारते. (१) पामवाल्याला बिनपगारी रजा देता येईल का, म्हणजे राजीनामा न घेता? (२) फ्रेंचवालीला नव्या नोकरीची मुभा असेल तर आठवड्याचं एक बुलेटिन मानधनावर करून घेता येईल का? (३) अनुदानाच्या अर्जात 'पदाची सातत्य-तरतूद', म्हणजे पद चालू ठेवण्यासाठीचे पैसे, अशी वेगळी ओळ घातली आहे का? ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

अण्णा_देवरुखकर
बिनपगारी रजा दिली तर सगळेच मागतील.

सुवाकर
मागू देत. तुवालूत तर ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानेच वर्षाला २८० जणांना तिकडे स्थायिक व्हायची वाट मिळाली आहे, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम अकरा हजारांच्या घरात. तिथल्या रेडिओने काय दाराला कुलूप घालायचं? ज्याला जायचंय तो जाणार. तो परत येईल तेव्हा त्याची खुर्ची कुठे आहे, एवढंच आपल्या हातात आहे. एका वेळी दोघांनाच रजा, आणि त्यांच्या जागी हंगामी दोघं तयार ठेवायचे, असा नियम करा.

सागरकाठ
भावनाताई, पहिली सूचना नक्की धरते. तिसऱ्या सूचनेतली ओळ अर्जात नाही, आजच घालते. फ्रेंचवालीला विचारते, पण तिच्या एजन्सीत बाहेरचं काम चालत नसावं.
बेटांवरच्या वार्ताहरांचं मात्र कोणी बोललं नाही. टान्ना आणि सांतोवर आमचे दोघं आहेत. मे २०२४मध्ये एअर वानुआतू बंद पडली, तेव्हा आमचं कोणी त्यांच्याकडे जाऊ शकत नव्हतं आणि त्यांना इथे येता येत नव्हतं. ते अजून टिकून आहेत. त्यांना मिळतो फक्त बातमीमागे मोबदला आणि फोनचं टॉप-अप.

मोका_मॉरिशस
टिकलेत ते आधी बघा. त्यांचं घर तिथेच आहे, शेत तिथेच आहे, बातमीही तिथलीच. ठरलेल्या पगारावरचं पद व्हिलात रिकामं झालंय ना? ते पद टान्नाला न्या. व्हिलात बसलेल्या मुलाला मंत्रालयाचं दार चालत जाण्याच्या अंतरावर आहे, टान्नाच्या माणसाला नाही.

न्यूजडेस्क
हे पटलं. फक्त संपादकीय जबाबदारीही द्या, नाहीतर तो बातम्यांचा पोस्टमन होईल.

सागरकाठ
बोर्डाला हे मांडते: बाँडचा ठराव मागे, बिनपगारी रजेचा नियम, फळबागवाल्याला परतीचं लेखी पत्र, टान्नाला एक पूर्णवेळ पद, आणि ट्रेनिंगचं बजेट उपसंपादकाकडे. शेवटच्यासाठी अनुदानवाल्यांना पत्र लागेल. भावनाताई, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, पत्राचा नमुना असेल तर पाठवाल का?

भावना_पी
पाठवते संध्याकाळी. परतीच्या पत्रात पगाराचा आकडा लिहू नका, पद आणि तारीख लिहा. आणि सही उपसंपादकाची घ्या, तुमची नको.