मदत हवी आहे: त्रिंकोमालीच्या मॉडेलचं दोरकाम पावसाळ्यात बिघडतंय

फळीवाला
नमस्कार मंडळी. ब्रिटिश नौदलाच्या 'एचएमएस त्रिंकोमाली' या जुन्या युद्धनौकेचं १:७२ मापाचं लाकडी मॉडेल करतोय. जहाज आपल्या मुंबईच्या गोदीतलं. जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. त्याचे नकाशे घेऊन मुंबईला निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौका 'कॉन्स्टिट्यूशन'ने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ संपवलं, म्हणून नकाशे पुन्हा पाठवावे लागले होते. असलं काही वाचलं की हात शिवशिवतात, त्यातूनच हा उद्योग.

प्लायचा सांगाडा, त्यावर पट्ट्या, तळाला तांब्याचा पत्रा, इथपर्यंत सगळं मनासारखं झालं. घोडं अडलंय दोरकामावर.

पुढच्या डोलकाठीचे श्राउड (तिला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर) उन्हाळ्यात सुती दोऱ्याने लावले होते. जुलैत दोर असे आखडले की उजव्या अंगाची चॅनेलची फळी (श्राउडची खालची टोकं अडकवायला जहाजाच्या बाजूला बसवलेली) डेडआयसकट, म्हणजे दोर ताणायच्या भोकांच्या गोल ठोकळ्यांसकट, उचकटून आली आणि डोलकाठी डावीकडे कलली. ठाण्यात राहतो, घरात एसी नाही, त्यामुळे दमटपणा काही जाणार नाही. दोरा कोणता घ्यावा?

दुसरं, इंग्रजी तक्त्यात श्राउडची जाडी ७ इंच दिलीय. ७२ ने भागलं तर जवळजवळ अडीच मिलिमीटर येते. एवढा दोर लावला तर नांगराचा साखळदंड वाटेल.

आणि तिसरं, रॅटलाइन (श्राउडवरच्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दोऱ्या) बांधत वर गेलो की श्राउड मधे आत ओढले जातात, पार डमरू होतो. घरच्यांचं म्हणणं, आहे तसं काचेच्या पेटीत ठेव आणि टेबल मोकळं कर. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

सुतारपक्षी
आधी तक्त्याचं, कारण त्यात बहुतेक सगळेच अडकतात. जुन्या तक्त्यांत दोराचा घेर दिलेला असतो, व्यास नव्हे. ७ इंच म्हणजे साधारण १७८ मिमी घेर. त्याला ३.१४ ने भागा, मग ७२ ने. ०.८ मिमीच्या आसपास येईल. आता बघा, डोळ्यांनाही पटेल.

दोरा पॉलिस्टरचाच. सुती दोरा ओल पितो, फुगतो आणि लांबीला आखडतो, ऊन पडलं की परत सैल. पॉलिस्टरला हवेचा फारसा फरक पडत नाही. मात्र बाजारातला शिलाईचा दोरा चकाकतो. तो मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्या, चकाकी मरते आणि तंतूही बसतात. गाठीवर पाणी घातलेला फेव्हिकॉल टेकवा. झटपट चिकटणारा गोंद नको, पांढरे डाग पडतात आणि दोर कडक होऊन मोडतो.

चॅनेलची फळी नुसत्या गोंदावर कधीच टिकत नाही. फळीच्या कडेतून पितळी तारेचे दोन-तीन खिळे आरपार घालून ते बाजूच्या लाकडात बसवा. सगळा ताण तिथेच येतो.

उत्तरवारा
फळीवालादादा, मी न्यूकॅसलला असते. हार्टलपूल इथून जवळ, त्यामुळे हे जहाज आतून-बाहेरून पाहिलंय. एक सावधगिरी सांगते. १८४५ च्या सुमारास या जहाजाच्या मागच्या भागाचा आकार बदलला आणि तोफा कमी करून त्याची कॉर्व्हेट (कमी तोफांची युद्धनौका) केली. तुम्ही १८१७ चं रूप करत असाल तर हल्लीच्या फोटोंवर डोळे झाकून विसंबू नका. ग्रीनिचच्या संग्रहालयात नौदलाचे जुने आराखडे आहेत, हे जहाज ज्या वर्गातलं, त्या लेडा वर्गाचे त्यात शोधा.

रंगाचंही बघा. श्राउड आणि स्टे (डोलकाठीला पुढून धरणारा दोर) डांबर लावलेले, म्हणून काळपट. शिडं ओढायचे दोर फिक्कट. सगळं एकाच रंगात केलेली मॉडेल्स पाहिली की मला कसंसंच होतं.

सुतारपक्षी
ताईंशी सहमत. आता कलण्याचं आणि डमरूचं. श्राउड जोडीने लावतात. एकच दोर मधे दुमडून डोलकाठीच्या माथ्यावर अडकवायचा, दोन्ही टोकं एकाच बाजूला खाली. पहिली जोडी उजवीकडची, सगळ्यात पुढची. दुसरी डावीकडची पुढची. मग पुन्हा उजवी. स्टे या सगळ्यांच्या वरून येतो. डेडआयमधले लॅनयार्ड (भोकांतून ओवलेल्या दोऱ्या) आधी नुसते अडकवून ठेवा, दोन्ही बाजू सारख्या ताणत आणा, डोलकाठी समोरून आणि बाजूने तपासा, मगच पक्की गाठ. वरचे डेडआय एका रेषेत यायला तारेचा छोटा आकडा वाकवा. त्याची दोन टोकं वरच्या आणि खालच्या डेडआयच्या भोकांत घातली की अंतर आपोआप सारखं राहतं.

रॅटलाइन खालून वर एकामागून एक बांधू नका. आधी दर पाचवी बांधा, मग मधल्या भरा. कडेच्या श्राउडला आडवी पातळ काडी तात्पुरती बांधून ठेवलीत तर ते आत येणार नाहीत. मागे रेघा मारलेला कागद लावा. खऱ्या जहाजावर दोन रॅटलाइनमध्ये १३ ते १५ इंच अंतर असे, तुमच्या मापात ते पाच मिमीच्या आसपास येतं. गाठ क्लोव्ह हिचची (दोन वेढ्यांची), आणि ती ओढायची नाही, फक्त बसवायची.

फळीवाला
काका, घेराचं गणित करून पाहिलं, ०.७९ आलं! दोघांचेही आभार. चॅनेल काढून खिळे घालतोय. शेवटचं विचारतो, शिडं लावू की नको?

सुतारपक्षी
माझं मत, नको. १:७२ ला कुठलंही कापड जाडच दिसतं. अगदीच हवी असतील तर गुंडाळलेली दाखवा, पण कापड खऱ्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच घ्या, नाहीतर यार्डवर (शीड टांगायच्या आडव्या दांड्यावर) गादी बांधल्यासारखं दिसेल. आणि शिडं नसतील किंवा गुंडाळलेली असतील तर टॉपसेलचे (खालून दुसऱ्या शिडाचे) आणि त्यावरचे यार्ड खाली उतरवलेले दाखवायचे, फक्त सगळ्यात खालचे आपल्या जागी. पेटीतल्या कितीतरी मॉडेल्सवर ते उगीच वर टांगलेले असतात.