दिघ्याच्या आरोग्य केंद्रात बाळंतिणींसाठी पिशवी: काय घालावं, कधी द्यावी?

दिघा_मंडळ
नवी मुंबईतल्या दिघ्याचं आमचं महिला मंडळ नागरी आरोग्य केंद्रामार्फत महिन्याला 30 बाळंतिणींना पिशवी देणार आहे. यादी अशी: 6 लंगोट, 3 झबली, टोपडं-मोजे, डायपरचं पाकीट, दूध पावडरचा लहान डबा, बाटली, बेबी पावडर, तेल, आईसाठी डिंकाचे लाडू. बाळाला दीड महिन्याच्या लसीला आणतात तेव्हा द्यायचं ठरतंय. यात काय कमी-जास्त करावं?

परिचारिका_ऐरोली
बाटली आणि पावडरचा डबा आधी काढा. आईच्या दुधाचे पर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांबद्दलचा 1992 चा कायदा आहे, त्यात 2003 ला दुरुस्ती झाली. त्याच्या कलम 5 प्रमाणे अनाथालय सोडून कुणालाही या दोन गोष्टी दान देता येत नाहीत. "आम्ही कंपनी थोडीच आहोत" म्हणून सुटका नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब वाईटच आहे. लहान डबा काही दिवसांत संपतो, तोवर बाळ अंगावर कमी ओढतं म्हणून आईचं दूध कमी होतं, आणि पुढचा डबा परवडत नाही म्हणून पावडर पातळ करून पाजली जाते.

बेबी पावडरही नको, ती उडून बाळाच्या श्वासात जाते. तेल दिलंत तर साधं खोबरेल द्या, पण नाकात, कानात, बेंबीवर घालायचं नाही हे सांगूनच. नाळेला काहीही लावायचं नसतं. ती कोरडी ठेवायची आणि लंगोट तिच्या खाली बांधायचा.

वाचलेल्या पैशांत डिजिटल थर्मामीटर घ्या. काखेत लावून 97.7 ते 99.5 फॅरनहाइट ठीक. त्याहून जास्त भरलं किंवा 95.9 च्या खाली गेलं, तर रात्र असली तरी दवाखाना. बाळ ओढत नाही, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, झटके: यांतलं काहीही दिसलं तरी तेच. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात, मराठी आणि हिंदीत. सोबत 102 हा नंबर, सरकारी रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत.

शिवणघर_ठाणे
6 लंगोटांवर काय होणार? पावसाळ्यात चाळीत कपडा दोन दिवस ओला राहतो. किमान 15 द्या, डायपर वगळा. मलमलचा पन्हा 120 सेंमी असेल तर 60 सेंमी लांबीत 60 बाय 60 चे दोन चौकोन निघतात. म्हणजे 15 ला पाच मीटरभर. भिवंडीहून ताका घेतलात तर बरंच स्वस्त पडेल. आटण्यासाठी थोडं जास्त धरा. नवं कापड दोनदा गरम पाण्यात धुऊनच शिवायला घ्या. कांजी राहिली तर लंगोट ओलं शोषत नाही आणि बाळाच्या मांड्या लाल होतात.

झबली पुढून उघडी, बांधायचे बंद बाजूला. गळ्याशी लांब नाडी नको, बटण नको. सगळी शून्य नंबरची घेऊ नका, तीन आठवड्यांत ती लहान होतात.

वस्ती_काम
यादीपेक्षा तारीख जास्त चुकलीय. बहुतेक नागरी आरोग्य केंद्रांत प्रसूती होत नाही, ओपीडी आणि लसीकरण असतं. बाळंतपण वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या पालिका रुग्णालयात किंवा कळव्याच्या रुग्णालयात होतं. दीड महिन्याच्या लसीला पिशवी दिलीत तर पहिले 28 दिवस, जिथे खरा धोका असतो, मोकळेच गेले. नवव्या महिन्यातच द्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदर मातांची तपासणी असते, त्या दिवशी सगळ्या एकत्र भेटतात.

दिघा_मंडळ
पण जन्माआधी बाळाचे कपडे घरात न्यायला सासवा नको म्हणतात. परत आणून देतात हो.

वस्ती_काम
बरोबर, त्यावर वाद घालू नका. दोन भाग करा. 9 तारखेला आईची पिशवी: मोठे सॅनिटरी पॅड, पुढून उघडणारा गाऊन, साबण, आणि कागदपत्रांसाठी चेनचं पाकीट (माता-बाल कार्ड, आधार, बँक पासबुक). बाळाचं गाठोडं आशाताईंकडे ठेवा. रुग्णालयात बाळंतपण झालं की त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातात. तिसऱ्या दिवशी गाठोडं पोचलं की कामाला येतं. मात्र नोंदणीच्या आकड्यावर माल भरू नका. पहिलटकरणी माहेरी जातात, काही थेट गावी, त्यामुळे आठव्या महिन्यात आशाताईंना विचारूनच कपडा कापायला घ्या.

परिचारिका_ऐरोली
लाडवांबद्दल राहिलं. तीस घरांचे लाडू एकदम करून ठेवले की पावसाळ्यात बुरशी धरतात आणि ती बाहेरून दिसत नाही. त्याऐवजी कोरडा जिन्नस: अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा किलो गूळ, किलोभर तूरडाळ, 100 ग्रॅम अळीव. वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारातून एकदम घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या केंद्रातूनच मिळतात, बाळंतपणानंतर 180 दिवस. दोन्हींत दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. शौचाला काळं होतं म्हणून बायका गोळी सोडतात, ते आधीच सांगून ठेवा.

शिवणघर_ठाणे
आणि पिशवी देताना बाईचा फोटो नको. देणगीदाराला हिशोब दाखवायला पिशव्यांचा ढीग पुरतो.